कुळथाचा अर्क आणि रक्तपेशींवरची साखर : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

विषय ठरला: पेशीच्या अंगावरची साखर आणि तिच्यावरून होणारी ओळख. तृतीय वर्षाच्या मुलांची पहिली पसंती डीएनएला होती. ते समजण्यासारखं आहे, कारण आपल्या अभ्यासक्रमात साखर येते ती एक तर ग्लायकोलिसिसमध्ये जळायला, नाहीतर स्टार्च म्हणून साठायला. पेशीच्या पडद्यावरच्या प्रथिनांना आणि स्निग्धांना साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. बाहेरून येणारा विषाणू, जिवाणू, प्रतिपिंड किंवा शेजारची पेशी, सगळ्यांची गाठ आधी त्या साखळ्यांशीच पडते. परीक्षेत हे दोन ओळींत लिहून मुलं मोकळी होतात. मला ते त्यांना डोळ्यांनी दाखवायचं आहे.

त्यासाठी रक्तगटासारखं साधन नाही. कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात रक्तगट दाखवले, पण ते नेमके कशाचे बनलेत हे कळायला अर्धं शतक गेलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी १९५० च्या दशकात ते उलगडलं. लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं. त्यावर फ्यूकोज बसलं की तयार होतो एच प्रतिजन, म्हणजेच ओ गटाची खूण. त्याच गॅलॅक्टोजवर आणखी एक एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीन बसलं की ए, आणि साधं गॅलॅक्टोज बसलं की बी. ए आणि बी यांच्यातला सगळा फरक शेवटच्या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर आहे: एकीकडे अॅसिटामिडो गट, दुसरीकडे हायड्रॉक्सिल. चुकीचं रक्त चढल्यावर माणूस दगावतो तो एवढ्याशा फरकामुळे.

फळ्यावर ही रचना काढून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण एवढं बारीक कोण वाचतं?" प्रतिपिंडं वाचतात, हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आपल्या प्रकल्पात ते काम कुळीथ करणार आहे.

१२ जुलै

कागदपत्रं मार्गी लागली. नैतिकता समितीची परवानगी मिळाली आहे. रक्तपेढी तपासणी होऊन उरलेल्या नमुन्यांतल्या लाल पेशी देईल. नळीवर फक्त गट आणि सांकेतिक क्रमांक असेल, दात्याचं नाव कुठेही नाही. हातमोजे घातल्याशिवाय कोणी नळीला हात लावायचा नाही आणि वापरलेलं सगळं हायपोक्लोराइटमध्ये टाकायचं, हे मुलांना बजावून झालं.

१५ जुलै

बाजारातून कुळीथ, राजमा, शेंगदाणे आणले. प्रयोगशाळेतल्या मामांनी घरच्या कुंपणावरच्या अबईच्या बिया आणून दिल्या. एरंडाच्या बियांना मी साफ नकार दिला. या शास्त्राची सुरुवात एरंडापासूनच झाली, हे खरं: १८८८ मध्ये दोरपातला (आजचं एस्टोनियातलं तार्तू) विद्यार्थी हेर्मान स्टिलमार्क याने आपल्या प्रबंधात एरंडाच्या अर्काने लाल पेशींचे गुच्छ होतात हे दाखवलं. पण त्यातलं रायसिन हे जीवघेणं विष आहे. त्यापायी मुलांना धोक्यात घालायचं नाही.

कुळथाची कृती सोपी आहे. बिया न भाजता मिक्सरला कोरड्या दळायच्या, एक भाग पिठाला दहा भाग सलाइन घालायचं, थंडीत रात्रभर ठेवायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी गाळून घ्यायचं. अर्क पिवळसर, किंचित गढूळ येतो. घरी पिठीसाठी कुळीथ भाजून दळतात म्हणून एका मुलीने तशीच तयारी केली होती. तिचं पीठ वेगळं ठेवलं, तुलनेला उपयोगी पडेल.

या कडधान्याचा रक्तगटाशी असलेला संबंध भारतातूनच जगाला कळला. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की कुळथाचा अर्क ए गटाच्या पेशी निवडून चिकटवतो. आजही रक्तपेढ्यांत 'अँटी-ए१ लेक्टिन' नावाची जी छोटी बाटली असते (लेक्टिन म्हणजे साखर ओळखून धरणारं प्रथिन), तीत बहुधा याच बीचा अर्क असतो. बाटलीवर डॉलिकोस बायफ्लोरस हे जुनं नाव असतं. वनस्पतिशास्त्राच्या नव्या पुस्तकांत कुळीथ मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम या नावाखाली शोधावा लागतो, हे मुलांनी वहीत लिहून ठेवावं.

१८ जुलै

पहिला प्रयोग. पेशी सलाइनने तीनदा धुतल्या, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. मग तीन टक्क्यांचं सस्पेन्शन केलं. पांढऱ्या टाइलवर एक थेंब पेशी, एक थेंब अर्क, काडीने ढवळून टाइल हळूहळू डोलवायची.

बी आणि ओ: काहीच नाही. सारखा, दुधासारखा सलग गुलाबी थेंब.

ए: आधी थेंबाच्या कडेला रवाळपणा दिसू लागला. मग बघता बघता मधला भाग स्वच्छ झाला, आणि नितळ पाण्यात विटकरी रंगाचे जाडसर दाणे तरंगू लागले. टाइल कलली की दाणे एकत्र सरकत होते. मुलं टाइलवरून मान वर काढायला तयार नव्हती. दहा मिनिटं उकळलेल्या अर्काने आणि भाजलेल्या पिठाच्या अर्काने ए पेशींना काहीच केलं नाही. म्हणजे काम करणारी वस्तू प्रथिनच आहे, आणि उष्णतेने ती बिघडते.

ए-७ हा नमुना मात्र रेंगाळला. बाकीचे ए तत्काळ चिकटले. याचे दाणे बारीक आले, उशिरा आले, आणि थेंबाची पार्श्वभूमी शेवटपर्यंत गुलाबीच राहिली. नळीवरची चिठ्ठी पुन्हा तपासली, रक्तपेढीच्या नेहमीच्या अँटी-ए ने, म्हणजे ए ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने, पुन्हा गट केला. स्वच्छ ए. बाजूला ठेवला.

२३ जुलै

आता अर्काने नेमकं काय पकडलंय ते बघायचं. पद्धत मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीच, सत्तर वर्षांपूर्वीची: अर्कात आधीच सुटी साखर घालून ठेवायची. प्रथिनाचा साखर धरणारा खळगा त्या सुट्या साखरेने भरला, तर पेशीवरची साखर धरायला जागा उरत नाही. जी साखर गुच्छ थांबवेल, ती ओळखली जाणारी साखर.

ग्लुकोज, मॅनोज, फ्यूकोज यांनी काही फरक पडला नाही. गॅलॅक्टोजनेही जवळपास नाही. ०.१ मोलर एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीन घातलं आणि ए पेशींचा थेंब सलग गुलाबी राहिला. ही साखर महाग आहे, थोडीच मागवली होती, म्हणून प्लेटच्या खळग्यांत मायक्रोलिटरमध्ये काम केलं. गॅलॅक्टोज आणि एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीन यांच्यातल्या त्याच एका गटावर कुळीथ अडून बसतो. आठ जुलैला फळ्यावर काढलेला फरक आज प्लेटमध्ये दिसला.

३० जुलै

ए-७ चं कोडं. अर्क दुप्पट-दुप्पट पातळ करत गेलो आणि गोल तळाच्या खळग्यांची प्लेट वापरली. पेशी चिकटल्या नसतील तर त्या घरंगळून तळाशी एक घट्ट लाल ठिपका बसतो. चिकटल्या असतील तर तळभर फिकट चादर पसरते. बाकीच्या ए पेशींची चादर १:६४ पर्यंत टिकली. ए-७ चा ठिपका १:८ लाच दिसू लागला.

हा ए गटातला ए२ उपगट असावा, बाकीचे नमुने ए१. आणि इथेच मला या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलांपुढे ठेवता आली. ए१ आणि ए२ यांच्या टोकाची साखर एकच आहे, एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीन. ए१ च्या एका लाल पेशीवर ए प्रतिजनाच्या साधारण आठ ते साडेअकरा लाख जागा असतात, ए२ वर अडीच लाखांच्या आसपास. शिवाय ए१ चं एन्झाइम काही अशा साखळ्यांवरही साखर बसवतं जिथे ए२ च्या एन्झाइमला ते नीट जमत नाही. सर्वांत परिचित ए२ जनुकात एक अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे एन्झाइमच्या शेपटीला २१ अमिनो आम्लं जादा लागतात आणि ते मंद चालतं.

म्हणजे कुळीथ साखर कोणती हे बघतोच, पण ती किती दाट आहे हेही बघतो. एका खळग्याने एक साखर धरली तर ती पकड अगदी ढिली असते, क्षणात सुटते. कुळथाचं प्रथिन चार उपघटकांचं आहे आणि एकाहून जास्त जागी साखर धरतं. पेशीवर साखरा दाटीने असतील तर एक पकड सुटेपर्यंत दुसरी लागलेली असते. माळरानातून चालून आल्यावर कपड्यांना लागलेली कुसळं एकेक सहज निघतात, पण पदरभर लागली की पदर ओढून निघत नाही. तसं हे आहे. जैविक ओळखीत साखरेने जी युक्ती वापरली आहे ती हीच, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होतंय: एकेक दुवा दुबळा, आणि ओळखीची ताकद त्यांच्या संख्येत आणि मांडणीत. अर्क जाड असेल तर तो ए२ लाही धरतो. योग्य पातळ केला तरच ए१ आणि ए२ वेगळे करतो. म्हणून रक्तपेढीत हा अर्क बनवणारा माणूस तो किती पातळ करायचा यावर एवढा वेळ घालवतो.

२ ऑगस्ट

ए-७ ची खातरजमा दुसऱ्या बाजूने. रक्तपेढीतून अँटी-एच लेक्टिन मिळालं. ते यूलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांचं असतं. आपल्याकडे हे झुडूप नीलगिरीत परकं तण म्हणून माजलंय. हे लेक्टिन फ्यूकोज असलेला एच प्रतिजन धरतं. ए१ पेशींत बहुतेक एच वर ए ची साखर चढलेली असते, म्हणून ए१ ला ते क्षीण चिकटतं. ए२ मध्ये एन्झाइम मंद, म्हणून भरपूर एच उघडा राहतो.

ओ: जोरदार. ए१: जेमतेम. ए-७: ओ च्या खालोखाल. ए२ नक्की.

मुलांनी बॉम्बे रक्तगटाचं विचारलं. मी त्याचीच वाट बघत होते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना असे लोक सापडले, ज्यांच्या पेशी ए नव्हत्या, बी नव्हत्या आणि ओ सुद्धा नव्हत्या. त्यांचं सीरम ओ पेशींनाही चिकटवत होतं. 'लॅन्सेट'मधल्या त्या शोधनिबंधावर रक्तगटांचे ब्रिटिश अभ्यासक रेस आणि सँगर यांच्यासोबत मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावं आहेत. या लोकांत फ्यूकोज बसवणारं एन्झाइम नसतं. फ्यूकोज नाही म्हणून एच नाही, आणि एच नसेल तर ए किंवा बी चं एन्झाइम शाबूत असूनही त्याला साखर चढवायला जागा नाही. आईवडिलांकडून ए चं जनुक आलेलं असतं, पुढच्या पिढीत ते उतरतंही, पण या माणसाच्या पेशीवर ते दिसत नाही. नेहमीच्या तपासणीत अशी व्यक्ती ओ म्हणून निघून जाऊ शकते. ओ चं रक्त चढवलं तर तिच्या रक्तातलं अँटी-एच त्या पेशी फोडतं. तिला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. म्हणून सीरमची उलट तपासणी (रुग्णाचं सीरम ज्ञात गटाच्या पेशींवर घालून बघणं) आणि अँटी-एच ची ही छोटी बाटली रक्तपेढीत असायलाच हवी. आमच्याकडे बॉम्बे गटाच्या पेशी नाहीत आणि मी त्या मागणारही नाही. ते रक्त रुग्णासाठी राखून ठेवायचं असतं.

८ ऑगस्ट

राजमा. ए, बी, ओ, ए२, सगळे सारखेच चिकटले, १:२५६ पर्यंत. आणि आमच्या कपाटातली कुठलीही सुटी साखर घातली तरी थांबेनात. राजम्यातलं लेक्टिन एका साखरेवर समाधान मानत नाही. त्याला फांद्या फुटलेली अख्खी साखळी लागते, आणि अशा साखळ्या सगळ्यांच्याच पेशींवर असतात. पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये पाहिलं की या अर्काने पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट विभागू लागतात. तोवर तो लाल पेशी गाळून टाकायला वापरला जात होता. आज रक्तातून गुणसूत्रं बघायची तर हाच पदार्थ घालतात. बाहेरच्या साखरेला हात लागला आणि आत केंद्रकापर्यंत निरोप गेला, एवढं मुलांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो तोही याच लेक्टिनमुळे. भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळला की प्रश्न नाही.

१३ ऑगस्ट

अबई आणि बेकरीचं यीस्ट. यीस्टच्या भिंतीवर मॅनोजच्या साखळ्या असतात, अबईचं लेक्टिन मॅनोज धरतं. गुच्छ झाले, मॅनोजने थांबले, गॅलॅक्टोजने नाही. मूत्रमार्गाला त्रास देणारे ई. कोलाय आपल्या केसांच्या टोकाशी असलेल्या फिमएच प्रथिनाने पेशींवरचं मॅनोजच धरतात, आणि तेही यीस्टला असेच चिकटतात. जिवाणूंचा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत करायचा नाही, म्हणून इथेच थांबलो.

२० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर सगळे परत आले. शेंगदाण्याचा अर्क हाती घेतला. जुलैत तो कुठल्याच पेशीला चिकटला नव्हता आणि मुलांनी त्याला निकामी ठरवून बाजूला सारलं होतं.

एका संशोधन संस्थेकडून न्यूरामिनिडेज एन्झाइम थोडं मिळालं. ते पेशीवरच्या साखळ्यांच्या टोकाचं सियालिक आम्ल तोडतं. ओ पेशी त्यात ३७ अंशांना ठेवल्या, धुतल्या, आणि शेंगदाण्याचा तोच अर्क घातला. पूर्ण गुच्छ, पार्श्वभूमी नितळ. शेजारी एन्झाइम न लावलेल्या त्याच नळीतल्या पेशी सलग गुलाबी.

शेंगदाणा जी साखर शोधत होता, एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीनवर बसलेलं गॅलॅक्टोज, ती आधीपासून प्रत्येक पेशीवर होती. सियालिक आम्लाने ती झाकलेली होती. १९२० च्या दशकात रक्ताचे काही नमुने शिळे झाल्यावर कुणाच्याही सीरमने चिकटू लागले होते. ह्यूबनर, थॉमसन आणि फ्रीडेनराइख यांनी त्याचा छडा लावला: नमुन्यात शिरलेल्या जिवाणूंच्या एन्झाइमने ही खूण उघडी पाडली होती. प्रौढ माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतातच. लहान मुलांत न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग झाला तर शरीरातच असं होऊ शकतं आणि मूत्रपिंडावर बेततं.

या प्रतिपिंडांचं मूळही साखरेतच आहे. रक्त न चढवलेल्या माणसात अँटी-ए, अँटी-बी येतात कुठून? १९५९ मध्ये जॉर्ज स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी जंतुमुक्त वातावरणात कोंबडीची पिल्लं वाढवली. त्यांच्यात नेहमीसारखं अँटी-बी तयार झालं नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच साखरा असतात, त्या बघून शरीर तयार होतं.

२६ सप्टेंबर

आज हातात प्रयोग नव्हता, चर्चा केली. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला वर तोडलेलं तेच सियालिक आम्ल लागतं. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना कोंबडीच्या गर्भाच्या द्रवात विषाणू असताना लाल पेशी चिकटताना दिसल्या. ऊब दिली की थोड्या वेळाने विषाणू सुटत, आणि त्या पेशी त्याच विषाणूला पुन्हा चिकटत नसत. कारण विषाणूकडे धरणारं हेमॅग्लुटिनिन आहे तसं तोडणारं न्यूरामिनिडेजही आहे. आत शिरताना साखर धरायची, बाहेर पडताना तोडायची. ओसेल्टामिविर हे औषध त्या तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, मग नवे विषाणू पेशीच्या अंगावरच अडकून राहतात.

माणसाच्या घशातल्या पेशींवर सियालिक आम्ल बहुतांशी २-६ दुव्याने जोडलेलं असतं, बदकांच्या आतड्यात २-३ दुव्याने. बर्ड फ्लू माणसांत सहज पसरत नाही याचं हे एक मोठं कारण आहे. आणि जुलैतला धडा इथेही लागू आहे: एका हेमॅग्लुटिनिनची एका सियालिक आम्लावरची पकड अतिशय ढिली असते, एका विषाणूवर अशी शेकडो असतात म्हणून तो टिकतो.

एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग ए ची साखर तोडून ओ करता येईल?" प्रश्न ऐकून बरं वाटलं. १९८२ मध्ये गोल्डस्टीन यांनी हिरव्या कॉफीच्या बियांतलं एन्झाइम वापरून बी पेशींवरचं गॅलॅक्टोज काढलं आणि त्या पेशी माणसांत नीट टिकल्या. ए चं काम अवघड निघालं. यंदाच एप्रिलमध्ये आतड्यातल्या अॅकरमान्सिया जिवाणूची एन्झाइमं त्यासाठी वापरल्याचं काम डेन्मार्क आणि स्वीडनच्या गटाने प्रसिद्ध केलं. आतड्याच्या श्लेष्मावरच्या साखरा खाऊन जगणारा जिवाणू या कामात पटाईत असणार, हे ओघानेच आलं.

४ ऑक्टोबर

लाळ. ज्या मुलांनी स्वखुशीने तयारी दाखवली त्यांचीच घेतली, उकळून गाळली. ए गटाच्या बहुतेकांच्या लाळेने कुळथाचा अर्क निकामी केला, म्हणजे रक्तगटाची साखर लाळेतही आहे. एका मुलीच्या लाळेने काहीच झालं नाही. ती घाबरली. तिला समजावलं की हा आजार नव्हे. लाळेत आणि आतड्यात फ्यूकोज बसवणारं एन्झाइम वेगळ्या जनुकाचं, एफयूटी२ चं. ते चालत नसेल तर रक्तात ए असूनही लाळेत येत नाही. उलट, २००३ मध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात असे लोक जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नॉरवॉक विषाणूने आजारी पडले नाहीत, कारण त्या विषाणूला आतड्यात धरायला हीच साखर लागते. हे ऐकल्यावर तिने आपला निकाल तक्त्यात स्वतःच्या हाताने लिहिला.

१० ऑक्टोबर

अहवालाचा मसुदा तयार. ए-७ च्या प्लेटचा फोटो पहिल्या पानावर जाईल, मुलांची तशी मागणी आहे आणि मलाही ते योग्य वाटतं. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांनी आमचा १:१६ चा अर्क वापरून बघायला मागितलाय. या सौम्यतेला आमच्या सगळ्या ए१ पेशी चिकटतात आणि ए-७ नाही. त्यांना कळवलं आहे की एका ए२ नमुन्यावर बेतलेलं हे प्रमाण आहे; त्यांच्याकडच्या ज्ञात ए२ आणि ए२बी (एबी गटातल्या ए२) पेशींवर तपासल्याशिवाय रुग्णाच्या कामाला घेऊ नये. अर्काच्या छोट्या कुप्या करून उणे २० अंशांना ठेवल्या, प्रत्येकीवर तारीख आणि सौम्यता. पुढच्या महिन्यात एक कुपी काढून त्याच पेशीगटांवर पुन्हा चढत्या सौम्यतेने तपासायची.